मागच्या रांगेत

पुंता अरेनासमध्ये वारा विचारून येत नाही.
कुसानोविच बाईही नाही आल्या.
म्हणजे डीनच्या कचेरीतून पत्र होतं,
'नवीन अध्यापकांसाठी मार्गदर्शन', सोबत सात रकान्यांचा फॉर्म,
तारखेची जागा तेवढी कोरी.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, उष्मागतिकीच्या तासाला
त्या मागच्या रांगेत येऊन बसल्या,
अंगात लोकरी कोट, मांडीवर वही,
बोटं चाळीस वर्षं दगड फोडल्यासारखी.
फोडलेच होते त्यांनी. भूशास्त्र.

मी बत्तीस वर्षांचा. पीएचडीची शाई ओली.
आंकूदच्या बाजारात
धुरावलेल्या शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या बाईचा मुलगा.
गप्प बसलं की गिऱ्हाईक पुढच्या फळीकडं सरकतं
हे मी चालायच्या आधी शिकलो.

तर मी बोललो.
एन्ट्रॉपी बोललो, फळा भरला, पुसला,
पुन्हा भरला, वाफेच्या इंजिनावर विनोद केला,
तीन मुलं हसली. नेहमीचीच तीन.

नंतर कँटीनमध्ये वाटलं, आता निघेल यादी:
आवाज, अक्षर, उभं राहायची ढब.
त्यांनी फॉर्मची घडी केली, आणखी एक घडी केली,
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
मग वहीतलं पान फाडून दिलं.
१, २, १, १, ३, १, २.

"हे काय?"

"सात प्रश्न विचारलेत.
स्वतःच उत्तर देण्याआधी इतके सेकंद थांबलात."
कॉफी ढवळली त्यांनी, साखर नसलेली.
"त्या तीनमध्ये काय झालं, आठवतं?"
मला आठवेना.
"खिडकीजवळच्या मुलीनं तोंड उघडलं होतं."

हजेरीपटात शोधलं रात्री.
रोसाउरा नाहुएल्किन. गाव केयोन.
माझ्याच बेटाचं दुसरं टोक,
मार्चपासून माझ्यासमोर, आणि मला आवाज माहीत नाही तिचा.

पुढच्या मंगळवारी प्रश्न विचारला
आणि थांबलो.
एक. दोन. पत्रा वाजतोय कुठंतरी.
तीन. कुणीतरी पेन खाली ठेवलं.
चार. आई कानात ओरडतेय, अरे बोल की काहीतरी!
पाच.
सहा.
"सर, पण भांडं बंद आहे
असं कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.
गणितात मी ते गृहीत धरलं होतं,
आणि गणिताबाहेरही बरंच काही.

ऑक्टोबरात बाई म्हणाल्या, "आता तुमची पाळी."
मी त्यांच्या वर्गात मागं बसलो.
काय शिकवतात! दोन खडूंत समुद्र आला आणि ओसरला,
थरांत अडकलेले जीव फळ्यावर पुन्हा हलायला लागले,
फक्त डावीकडच्या मुलांसाठी.
उजवीकडं एक हात वर होता. मग खाली गेला.
मग त्या बाजूचे फोन निघाले.

निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाला
हे लिहून द्यायचं का?
चार वेळा खोडलं.
शेवटी एकच ओळ दिली:
'उजवीकडं एकदाही वळला नाहीत.'

वाचून त्या गप्प राहिल्या. सवयीनं मोजले मी, नऊ.
"त्या बाजूचा कान गेलाय, एवारिस्तो.
दोन वर्षं झाली. तू पहिलाच."

तुम्हीचं तू कधी झालं
ते मला घरी जाताना कळलं.

नाही, आधी चौकातलं सांगतो.
वसंतातला वारा, नगरपालिकेनं बांधलेले दोर,
त्यांना धरून माणसं रस्ता ओलांडत होती,
कुणाची टोपी, कुणाचा कुत्रा सांभाळत.
बाईंनी एका हातानं दोर धरला,
दुसऱ्यानं माझी बाही. कोण कुणाला धरतंय
ते वाऱ्यात नीट कळत नव्हतं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो.
वळसा घालून डावीकडं आलो,
शिंपल्यांच्या बाजारातल्या आवाजात विचारलं,
"मंगळवारी येणार ना?"

आणि थांबलो.